रेंझींना जनतेने पंतप्रधान केलं नव्हतं, आणि ते सार्वमतही युरोप सोडण्यासाठी नव्हतं

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या भाचीने परवा एक ढकलपत्र पाठवलं आणि विचारलं, "हे नोट्समध्ये घेऊ का?" मजकूर थोडक्यात असा: "इटलीच्या जनतेने मात्तेओ रेंझी या 39 वर्षांच्या तरुणाला थेट पंतप्रधान केलं. टीव्हीवरच्या खेळातून आलेल्या या मुलाने सिनेट बरखास्त केली, प्रत्येक नागरिकाला महिना 80 युरो दिले आणि मालकांना कामगार केव्हाही काढायची मुभा दिली. 2016 मध्ये युरोपीय संघ सोडायचा का यावर सार्वमत घेतलं, हरला आणि त्याच रात्री राजकारण कायमचं सोडलं. आपले नेते यातून काही शिकतील का?"

नको घेऊस. परीक्षेत सार्वमतावर प्रश्न आला तर हमखास गुण जातील, म्हणून आधी तेच बघू.

4 डिसेंबर 2016 च्या मतपत्रिकेवर प्रश्न छापलेलाच होता, अंदाज बांधायची गरज नाही. दोन्ही सभागृहांचे समान अधिकार संपवणं, खासदारांची संख्या घटवणं, संस्थांच्या कारभाराचा खर्च आवरणं, 'क्नेल' ही आर्थिक सल्लागार परिषद रद्द करणं आणि राज्यघटनेच्या दुसऱ्या भागातलं पाचवं प्रकरण, म्हणजे केंद्र आणि प्रांतांचे अधिकार, बदलणं. या पाच गोष्टींचा घटनादुरुस्ती कायदा मान्य आहे का, हो किंवा नाही. त्या प्रश्नात युरोप हा शब्दही नाही.

असता तरी चाललं नसतं. इटलीच्या घटनेचं कलम 75 सांगतं की कर, अर्थसंकल्प, शिक्षामाफी आणि आंतरराष्ट्रीय करारांना मंजुरी देणारे कायदे यांवर ते रद्द करण्याचं सार्वमत घेता येत नाही. युरोपीय संघाचं सदस्यत्व करारांवरच उभं आहे. 1989 मध्ये युरोपबाबत जनतेचं मत विचारायचं ठरलं, तेव्हा त्या एका मतदानासाठी वेगळा घटनात्मक कायदा करावा लागला होता, आणि ते मतदानही फक्त सल्ल्यापुरतं होतं. त्यात 88 टक्के लोकांनी युरोपच्या बाजूने कौल दिला, हेही या फॉरवर्डवीरांना कुणीतरी सांगा. गंमत अशी की रेंझींच्या दुरुस्तीत सिनेटचे बहुतेक अधिकार जाणार होते, पण युरोपीय संघाच्या सदस्यत्वाशी संबंधित करारांच्या मंजुरीला दोन्ही सभागृहांची संमती लागण्याची अट कायम होती.

मग हा घोळ झाला कुठून? जूनमध्ये ब्रेक्झिट, नोव्हेंबरमध्ये ट्रम्प आणि डिसेंबरमध्ये इटली, अशी माळ जगभरच्या वर्तमानपत्रांनी ओवली. 'नाही'च्या बाजूला युरोवर टीका करणारे फाइव्ह स्टार आणि लेगा हे पक्ष होते, हे खरं. पण त्याच बाजूला माजी पंतप्रधान बेर्लुस्कोनी होते, घटनेचे नामवंत अभ्यासक होते आणि रेंझींच्याच पक्षातले माजी पंतप्रधान द'आलेमाही होते. या सगळ्यांना युरोप सोडायचा होता असं कुणी म्हणत असेल तर कठीण आहे.

सार्वमत घ्यावं का लागलं, हे कलम 138 मध्ये आहे. घटनादुरुस्ती प्रत्येक सभागृहाने किमान तीन महिन्यांच्या अंतराने दोनदा मंजूर करायची असते. दुसऱ्या फेरीत दोन्हीकडे दोन तृतीयांश मतं मिळाली तर सार्वमत होतच नाही. त्याहून कमी, पण एकूण सदस्यांच्या निम्म्याहून जास्त मतं मिळाली, तर एखाद्या सभागृहाचे एक पंचमांश सदस्य, पाच लाख मतदार किंवा पाच प्रांतांच्या परिषदा तीन महिन्यांच्या आत सार्वमत मागू शकतात. सिनेटमध्ये 20 जानेवारी 2016 ला 180 मतं मिळाली. कनिष्ठ सभागृहात 12 एप्रिलला 361 मिळाली, आणि 630 च्या सभागृहात दोन तृतीयांशसाठी 420 लागतात. तिथेच सार्वमताची वाट मोकळी झाली. या प्रकारात किमान मतदानाची अट नसते, त्यामुळे लोकांना घरी बसवून प्रस्ताव पाडण्याची नेहमीची युक्तीही चालत नाही. जवळपास 65 टक्के मतदान झालं. 'नाही' 59.1 टक्के, 'हो' 40.9 टक्के.

म्हणजे "सिनेट बरखास्त केली" हेही गेलं. तो प्रस्ताव होता आणि तो पडला. प्रस्तावातसुद्धा सिनेट राहणारच होती: 315 निवडून आलेल्या सदस्यांऐवजी 100, त्यांतले 74 प्रांतिक परिषदांचे सदस्य, 21 महापौर आणि 5 राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. आपल्या विधान परिषदेवरून इटलीच्या सिनेटचा अंदाज घेऊ नका. आपली परिषद विधेयक फार तर काही महिने अडवते. तिथे दोन्ही सभागृहांत शब्द न् शब्द सारखा मंजूर होईपर्यंत विधेयक फेऱ्या मारत राहतं आणि सिनेट सरकारही पाडू शकते. जानेवारी 2008 मध्ये पंतप्रधान प्रोदींचं सरकार सिनेटमध्येच 156 विरुद्ध 161 मतांनी पडलं. रेंझींना हे बदलायचं होतं, आणि दुखणं खरं होतं एवढं मी मान्य करतो. पुढे 2020 च्या वेगळ्या सार्वमतात खासदारसंख्या कनिष्ठ सभागृहात 630 वरून 400 आणि सिनेटमध्ये 315 वरून 200 झाली. सिनेटचे अधिकार मात्र होते तसेच आहेत.

आता "जनतेने थेट पंतप्रधान केलं". इटलीत पंतप्रधान थेट निवडला जात नाही. राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि दहा दिवसांत दोन्ही सभागृहांचा विश्वास मिळवावा लागतो. रेंझी तर तेव्हा खासदारही नव्हते, फ्लॉरेन्सचे महापौर होते. डिसेंबर 2013 मध्ये डेमोक्रॅटिक पार्टीच्या अंतर्गत निवडणुकीत ते सचिव, म्हणजे पक्षप्रमुख झाले. 13 फेब्रुवारी 2014 ला पक्षाच्या कार्यकारिणीने 136 विरुद्ध 16 मतांनी आपल्याच पंतप्रधानाला, एन्रिको लेत्ता यांना, खाली उतरवलं. 22 फेब्रुवारीला रेंझींचा शपथविधी झाला. त्याआधी लेत्तांना "एन्रिको, निश्चिंत राहा" असं सांगणारे हेच. ते इटलीचे सर्वांत तरुण पंतप्रधान ठरले, हे मात्र बरोबर आहे. मुसोलिनीपेक्षाही थोडे तरुण.

टीव्हीवरचा खेळही खरा आहे: 1994, 'व्हील ऑफ फॉर्च्यून'ची इटालियन आवृत्ती, वय 19. पण मधली वीस वर्षं गाळून कसं चालेल? 2004 ते 2009 फ्लॉरेन्स जिल्ह्याचे अध्यक्ष, 2009 पासून महापौर, आणि 2012 मध्ये पक्षांतर्गत लढतीत तेव्हाचे पक्षसचिव बेर्सानी यांच्याकडून पराभव.

80 युरो "प्रत्येकाला" मिळाले नाहीत. मे 2014 पासून ते पगारदारांना मिळाले, तेही साधारण 8,000 ते 24,000 युरो वार्षिक उत्पन्न असलेल्यांना. पुढे 26,000 पर्यंत रक्कम उतरत जाऊन शून्य व्हायची, म्हणजे 25,000 वाल्याला महिना 40. पेन्शनर आणि स्वतःचा धंदा करणारे बाहेर. 8,000 च्या खालचे सर्वांत गरीबही बाहेर, कारण ही करातली सवलत होती आणि ते करच भरत नव्हते. वर्षअखेरीस उत्पन्न मर्यादेबाहेर निघालं तर घेतलेले पैसे परत करावे लागत. अनेकांना हा धक्का विवरणपत्र भरताना बसला.

कामगार कायद्याबद्दल ढकलपत्रात अर्धं सत्य आहे. 7 मार्च 2015 नंतर कायम नोकरीवर लागलेल्यांना, 15 पेक्षा जास्त कामगारांच्या कंपनीत, आर्थिक कारणाने चुकीचं काढलं तर पुन्हा कामावर घ्यायची सक्ती गेली. त्याऐवजी नोकरीच्या दर वर्षामागे दोन महिन्यांचा पगार, किमान 4 आणि कमाल 24 महिने. पण भेदभावाने काढलं तर नोकरी परत मिळते, आणि आधीपासून कामावर असलेल्यांना जुनाच नियम लागू राहिला. 2018 मध्ये नंतरच्या एका सरकारने ही मर्यादा 6 ते 36 केली, आणि त्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने फक्त नोकरीच्या वर्षांवरून भरपाई मोजण्याचं सूत्र रद्द केलं. "केव्हाही काढा" यात कुठे बसतं?

उरलं "राजकारण सोडलं". हरलो तर राजकारणातून बाहेर पडेन, असं रेंझी प्रचारात बोलले होते. राजीनामाही दिला, तो अर्थसंकल्प मंजूर झाल्यावर 7 डिसेंबरला, कारण राष्ट्राध्यक्ष मात्तारेल्ला यांनी तोवर थांबायला सांगितलं. पंतप्रधानपद सोडायला कायद्याने त्यांना कुणी भाग पाडलं नव्हतं, इतपत कौतुक करा. पण एप्रिल 2017 मध्ये ते पुन्हा पक्षाचे सचिव झाले. 2018 च्या निवडणुकीत पक्ष 18 टक्क्यांच्या आसपास घसरल्यावर ते पद सोडलं, पण सिनेटर म्हणून निवडून आले. हो, त्याच सिनेटवर. सप्टेंबर 2019 मध्ये 'इतालिया व्हिवा' हा स्वतःचा पक्ष काढला, जानेवारी 2021 मध्ये आपल्या मंत्र्यांना बाहेर काढून पंतप्रधान कोंते यांचं सरकार अडचणीत आणलं, त्यातून द्रागी पंतप्रधान झाले. 2022 मध्ये रेंझी पुन्हा सिनेटवर निवडून आले.