प्रशिक्षण एकट्या आईला देऊन भागणार नाही

माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, म्हणजे बोलणं, आवाज, माणसं हे सगळं त्याचा मेंदू वेगळ्या पद्धतीने घेतो. अशा मुलांशी कसं वागायचं हे शिकवणाऱ्या किती कार्यशाळांना मी आजवर बसले याचा हिशेब नाही. जिथे जावं तिथे समोर सगळ्या आयाच. भराभर वहीत उतरवून घेणाऱ्या, मध्येच फोनवर घरी कुकर लावायला सांगणाऱ्या. शिकायचं आम्ही, आणि घरी येऊन बाकीच्यांना पटवायचंही आम्हीच.

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, नातवावर जीव टाकतात. पण विचारायचे कसे? "काय खाणार? सांग ना. अरे सांग की!" एका दमात तीनदा. मी वर्षानुवर्षं सांगत होते, एकदाच विचारा आणि थांबा. सुनेचं सांगणं ते, कानाआड जायचं. शेवटी थेरपिस्टनी त्यांनाच बोलावलं, शेजारी बसवून नीट समजावलं. ऐकलेलं आत पोचायला आणि उत्तराचे शब्द जुळवायला याला वेळ लागतो. मध्येच पुन्हा विचारलं की त्याला सगळं पहिल्यापासून जुळवावं लागतं.

आबांनी स्वतःचा मार्ग काढला. प्रश्न विचारायचा आणि जपमाळेचे दहा मणी ओढायचे. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, "चहाबरोबर काय?" आणि माळ हातात घेतली. मी ओट्यापाशी श्वास रोखून मणी मोजत होते. नवव्या मण्याला उत्तर आलं, "खारी." डब्यात खारी नव्हती. पंच्याहत्तरीचे आबा चपला घालून स्वतः बेकरीत गेले.

म्हणून माझं म्हणणं आहे की आजी-आजोबा, बाबा, काका, मोठी ताई या सगळ्यांना प्रशिक्षणाला बसवा, आणि तेही बाहेरच्या जाणकाराकडून.

शाळेचंही तेच. मुलगा सातवीत असताना गॅदरिंगला ढोल वाजले. आपला नाशिक ढोल बंद हॉलमध्ये वाजला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. हा कान दाबून बाकाखाली शिरला. बाईंनी सगळ्यांसमोर हात धरून ओढलं, "नाटकं पुरे." त्याने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला. बाई वाईट नव्हत्या. हा हट्ट नाही, त्याला आवाज खरंच सोसत नाही, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला बाहेर काढलं ते शिपाई मावशींनी. मी एकदा त्यांना सांगून ठेवलं होतं की असं झालं तर बोलायचं नाही, हात लावायचा नाही, फक्त शांत जागा दाखवायची. त्या जिन्याखाली त्याच्यापासून हातभर लांब बसून राहिल्या. पंधरा-वीस मिनिटांत तो शांत झाला. पाच मिनिटांचं सांगणं होतं ते!

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे. त्यात ऑटिझम आहे, डिस्लेक्सियासारख्या, वाचन-लेखन जड करणाऱ्या विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता, याचं वेगळं नाव नाही, आणि त्या मुलांचे पालक फार हाल काढतात.) समावेशक शिक्षणासाठी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायचं, दर ५ वर्षांनी शाळकरी मुलांची पाहणी करायची, हेही त्याच कायद्यात लिहिलं आहे. तुमच्या मुलाच्या शाळेत असं प्रशिक्षण झालं का, एवढं पालकसभेत विचारा. मी विचारलं तेव्हा सभेत शांतता पसरली.

आणि मुलं मोठी होतात हो! जागतिक आरोग्य संघटनेचा पालकांसाठी चांगला अभ्यासक्रम आहे, ९ गटसत्रं आणि ३ गृहभेटी, पण तो २ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी. पुढे काय? माझ्या मुलाला मिसरूड फुटलंय. दाढी, अंगाची स्वच्छता, कुठली गोष्ट दार लावून करायची, कुणाच्या किती जवळ उभं राहायचं, हे त्याला चित्रं काढून, एकेक पायरीने शिकवावं लागतं. मुलींच्या आयांना पाळीचं शिकवायचं असतं. लहानपणी हात फडफडवणारं मूल लोकांना गोड वाटतं. तोच मुलगा पावणेसहा फुटांचा होऊन आमच्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर बसची वाट बघत हात फडफडवतो तेव्हा लोक बाजूला सरकतात, एकाने तर "पिऊन आलाय का?" विचारलं. वयात येणाऱ्या मुलांच्या घरांना आणि शिक्षकांना आज सगळ्यात जास्त मदत हवी आहे, आणि तिथेच सगळं थांबतं. २०२७च्या सिंहस्थासाठी स्वयंसेवक तयार होतील, त्यांनाही हे तासभर शिकवा. त्या गर्दीत आमची मुलंही असणार आहेत.

येत्या रविवारी सकाळी दहाला इंदिरानगरला आमच्याच घरी पाच-सहा कुटुंबं जमतोय. आबा माळ घेऊन बोलणार आहेत. आजोबांना पाठवा, बाबांना पाठवा, शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना घेऊन या. आयांनी त्या दिवशी घरी निवांत झोपावं.