स्ट्रिंगा जोडून एक्सएमएल बनवू नका

काल रात्री धाकट्या बहिणीचा मेसेज आला, "दादा, हे खरं आहे का?" खाली तिच्या ग्रुपवर फिरणारी पोस्ट: 'एक्सएमएल म्हणजे शेवटी टेक्स्टच. स्ट्रिंगा जोडून फाइल बनवा, बदल रेजेक्सने करा. & आला तर रिप्लेस मारा. लायब्ररी मेमरी खाते, मराठीची वाट लावते, कॉमेंट उडवते.' ती नोकरीत नवी आहे आणि यातला पहिला सल्ला तिच्या स्क्रिप्टमध्ये उतरलासुद्धा होता. म्हणून हे लिहितोय. एक्सएमएल म्हणजे माहिती टॅगांमध्ये बांधून ठेवायची पद्धत, स्ट्रिंग म्हणजे अक्षरांचा तुकडा, रेजेक्स म्हणजे मजकुरात नमुना शोधून बदलायची युक्ती आणि लायब्ररी म्हणजे असलं काम करणारा तयार कोड.

आधी तेच घेतो. तिची स्क्रिप्ट आठवडाभर नीट चालली. मग यादीत 'संशोधन & विकास' नावाचा विभाग आला आणि समोरच्या प्रोग्रामने फाइल परत केली. तो आडमुठेपणा नव्हता. एक्सएमएल 1.0 हे डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं 10 फेब्रुवारी 1998 चं मानक आहे. मजकुरात सुटा & किंवा < चालत नाही, आणि हा नियम मोडला तर ती फेटल एरर (जीवघेणी चूक), पार्सरने, म्हणजे फाइल वाचून तिची रचना उलगडणाऱ्या प्रोग्रामने, पुढचं काम नेहमीसारखं चालू ठेवायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. एका चिन्हापायी अख्खी फाइल जाते ती अशी.

रिप्लेस मारायचं, तर क्रम तरी सांगा! आधी < चं &#60; (त्याच चिन्हाचा एक्सएमएलमधला कोड) केलं आणि मग & बदलायला घेतला, की त्याचंच &#38;#60; होतं. वाचणाऱ्याला < च्या जागी &#60; ही अक्षरं दिसतात.

पण फाइल फुटली तर निदान कळतं. न फुटणारी फाइल जास्त घातक. समजा, नावाच्या रकान्यात कुणी हे भरलं:

सीमा</नाव><अधिकार>सर्व</अधिकार><नाव>

तुमची स्क्रिप्ट दोन्ही बाजूंना टॅग चिकटवते आणि होतं हे:

<नाव>सीमा</नाव><अधिकार>सर्व</अधिकार><नाव></नाव>

रचना शुद्ध आहे, त्यामुळे पार्सर हूं की चूं करत नाही. भरणाऱ्याने स्वतःला अधिकार देऊन टाकले आणि तुमच्या लॉगमध्ये 'यशस्वी'. हाच मजकूर पायथन भाषेतल्या एलिमेंटट्री या एक्सएमएल लायब्ररीत एलिमेंटच्या (एका टॅगजोडीच्या) टेक्स्टमध्ये ठेवला, तर लिहिताना त्यातला प्रत्येक < एस्केप होतो, म्हणजे त्याच्या कोडात बदलतो, टॅग राहत नाही. उरतं फक्त एक विचित्र नाव. असला सल्ला नवख्या पोरांना 'सोपी युक्ती' म्हणून वाटला जातो, याचा मला खरंच राग येतो.

रेजेक्सचंही तेच. फाइलमध्ये हे असू शकतं (पहिली ओळ कॉमेंट, म्हणजे प्रोग्रामने सोडून द्यायची टीप):

<!-- <स्थिती>बंद</स्थिती> -->
<स्थिती>बंद</स्थिती>

पहिली जुळणी बदलायला सांगितली की कॉमेंटमधली 'चालू' होते, खरी 'बंद'च राहते. रेजेक्सला कॉमेंट म्हणजे काय हेच ठाऊक नसतं.

मराठीची वाट? एलिमेंटट्रीला एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) न सांगता लिहायला लावलं तर 'म' चं &#2350; होतं, हे खरं. पण कुठल्याही पार्सरला तो 'म'च आहे. लिहिताना यूटीएफ-8 सांगा, अक्षरं जशीच्या तशी येतात.

कॉमेंटचा मुद्दा मात्र मान्य करावा लागेल. एलिमेंटट्री वाचताना कॉमेंट टाकून देते, आणि नेमस्पेसचे (टॅगनावांच्या गटांचे) प्रीफिक्स आधी नोंदवले नाहीत तर स्वतःचेच लावते. हाताने जपलेली फाइल असेल तर हे त्रासाचंच. त्यावर एलएक्सएमएल ही पायथनचीच दुसरी लायब्ररी वापरा. ती कॉमेंट आणि प्रीफिक्स दोन्ही राखते. मेमरीचंही अर्धं खरं, फाइलमधल्या टॅगांचं अख्खं झाड मेमरीत येतं. फाइल खरोखर अवाढव्य असेल तर तुकड्यातुकड्याने वाचायची सोय त्याच लायब्ररीत आहे.

बहिणीने रात्रीच जोडाजोडी काढून एलिमेंटट्रीचं सबएलिमेंट वापरलं. 'संशोधन & विकास' आणि वरचं ते सीमाचं नाव, दोन्ही तिला टेस्टमध्ये कायमचे ठेवायला सांगितलेत.