बोटीवर बोट ठेवण्याची फी

अभिनंदन, तुमची बोट म्हातारी झाली! इतकी वर्षं इन्शुरन्सवाले गुपचूप प्रीमियम घ्यायचे, आता अचानक त्यांना तिच्या तब्येतीची काळजी वाटायला लागलीय आणि सर्व्हे रिपोर्ट, म्हणजे सर्व्हेअर नावाच्या तज्ज्ञाने बोट तपासून लिहिलेला अहवाल, दिल्याशिवाय पॉलिसी रिन्यू होणार नाही असं कळवलंय. घाबरू नका, मी यातून गेलोय, चार गोष्टी फुकट सांगतो. या सगळ्या प्रकरणात फुकट एवढंच मिळणार आहे.

आधी बोट मापून घ्या. सर्व्हेअर बहुतेक करून फुटावर पैसे घेतो, त्यामुळे घरात करवत असेल तर उत्तम, पोहायला उतरायची मागची फळी आणि पुढे आलेला दांडा कापून टाका, काहीजण तेही लांबीत धरतात. पण कापाकापी बेताने करा हं, कारण एका मापाखाली फुटांचा हिशोब बंद होऊन मिनिमम चार्ज सुरू होतो, म्हणजे बोट जेवढी छोटी तेवढा तिचा एकेक फूट महाग. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, इथे कोंबडी उचलायला क्रेनही लागते.

तर क्रेन. सर्व्हेअरला तळ बघायचा असतो, तळ पाण्यात असतो, आणि बोट वर काढायचे पैसे त्याच्या फीमध्ये नसतात. ते यार्डला द्यायचे. वर काढायचे, तळाचं शेवाळ आणि शिंपले धुवायचे, टेकू लावायचे, परत पाण्यात सोडायचे. आता तळाला रंग मारायला बोट एरवीही वर काढताच, तेव्हाच सर्व्हे उरकला तर एक फेरी वाचते. म्हणून तसं अजिबात करू नका. रंग मारून बोट पाण्यात सोडा आणि मगच कंपनीचा मेल उघडा, मी असंच केलं.

मग येतं ओलाव्याचं मीटर. बोट फायबरची असेल तर पाणी हळूहळू आत मुरतं, कधी तळाला फोड येतात, त्याला ऑस्मोसिस म्हणतात, आणि हे मीटर ओल दाखवतं. आत्ताच पाण्यातून काढलेल्या बोटीला ते काय दाखवणार? ओलच! म्हणून बोट थोडे दिवस वाळू द्या असं सांगतात, आणि यार्डचं भाडं दिवसावर असतं. तुमच्या खिशाला मात्र वाळायला एक दिवस पुरतो.

खरी मजा हातोडीची. छोटीशी हातोडी घेऊन सर्व्हेअर बोटीच्या अंगावर ठोकत जातो, टक, टक, टक, आणि तुम्ही श्वास धरून मागे मागे. मध्येच 'टक'च्या जागी 'ठप' असा बसका आवाज येतो, म्हणजे आतले थर सुटले असण्याची शक्यता. तो थांबतो, खडूने गोल काढतो, काहीच बोलत नाही. या क्षणी "तिथे आतून लाकूड आहे हो" वगैरे सांगायला जाऊ नका, मी सांगितलं, त्याने दुसरा गोल काढला. नंतर चाकू घेऊन बुडाखालचा पितळी व्हॉल्व्ह खरवडला, आतून गुलाबी निघाला. छान दिसत होता. मग कळलं की खाऱ्या पाण्याने पितळातलं जस्त निघून गेलं की उरलेलं तांबं गुलाबी दिसतं आणि ते कधी हातात तुटून येईल सांगता येत नाही. थोडक्यात, बोटीवर बोट ठेवायला आपणच पैसे देऊन माणूस बोलावतो.

इंजिन? ते वेगळं, त्याला मेकॅनिक बोलवा. डोलकाठी? तो वर चढत नाही, त्याला वेगळा माणूस. रिपोर्ट आला की मन लावून वाचा, काय बघितलं ते थोडक्यात आणि काय बघितलं नाही ते सविस्तर असतं. फळ्या उचलल्या नाहीत, टाकीच्या मागे हात पोचला नाही, कप्प्यात सामान होतं. (कप्पे आधी रिकामे करायचे असतात. मला कोण सांगणार?)

शेवटी शिफारशींची यादी. व्हॉल्व्ह बदला, मुदत संपलेले फ्लेअर (संकटात इशारा द्यायला पेटवतात ते) बदला, अग्निशामक बदला, गॅसची नळी बदला. यादी फक्त तुम्हाला मिळाली असती तर सावकाश केलं असतं, पण ती कंपनीकडेही जाते, आणि कामं झाल्याचा पुरावा दिल्याशिवाय पॉलिसी हलत नाही. एवढं करून ऑस्मोसिसवर क्लेम करायला गेलात तर उत्तर तयार, ती झीज आहे, झीज कव्हर होत नाही.

नुसता थर्ड पार्टी घेतला तर बरेचदा सर्व्हे मागत नाहीत म्हणे. असलं काही आधी विचारू नका, उगाच पैसे वाचतील.

माझ्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर निष्कर्ष होता, 'वयाच्या मानाने बरी'. त्याखाली बोटीची किंमत, मला वाटत होती त्याच्या बरीच खाली, आणि क्रेन, व्हॉल्व्ह, फी यातलं काहीच तिच्यात धरलेलं नाही. तरी रिपोर्ट जपून ठेवा. काही वर्षांनी कंपनी परत मागेल, तेव्हा हा जुना झाला म्हणून चालणार नाही.