काल एफ होता, आज जी कसा झाला?

सकाळी साडेदहाला एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नाच्या व्हिडिओचा प्रोजेक्ट उघडला आणि अख्खी टाइमलाइन लाल. नवरीच्या जागी लाल, नवरदेवाच्या जागी लाल, मंगलाष्टकांच्या जागी शांतता. ‘मीडिया ऑफलाइन’. संध्याकाळी सातला रिसेप्शन. हॉलच्या एलईडी भिंतीवर सहा मिनिटांचा हायलाइट लावायचा, पार्टीने पैसे आधीच मोजलेत, आणि इथे नवरा-नवरीच गायब!

फुटेज उडालं होतं का? अजिबात नाही. चार टीबीची हार्ड डिस्क समोर टेबलावर, दिवा लुकलुकतोय. उघडली तर हळद आहे, सीमांतपूजन आहे, सप्तपदी आहे, ड्रोनवरून घेतलेली वरातसुद्धा आहे. सगळं जागच्या जागी. फक्त काल रात्री विंडोजने तिला दिलेलं ड्राइव्हचं अक्षर एफ होतं, आज जी आहे, आणि प्रोजेक्ट अजून एफवरच शोधतोय. तेवढ्यासाठी सहाशे क्लिपा अनाथ.

झालं काय, तर रात्री मी डिस्क काढून कपाटात ठेवली. सकाळी मी यायच्या आत नवरीच्या भावाने आणून दिलेला फोटोंचा पेन ड्राइव्ह आमच्या पोऱ्याने लावला. विंडोजने पाहिलं, एफ मोकळा आहे, दिला त्याला. मग मी हार्ड डिस्क लावली. तिला जी. एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, आणि आत चढेपर्यंत कोणीतरी रुमाल बाजूला सारून निवांत शेंगा खात बसलेला असतो ना, तसं. एसटीत निदान भांडता तरी येतं.

बरं, पेन ड्राइव्ह काढला, डिस्क उपसून परत लावली. तरी जी! कारण विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे त्याच्या सेटिंगांच्या वहीत, ‘माउंटेड डिव्हायसेस’ नावाचं एक खातं असतं आणि त्यात एका अक्षरापुढे एकच नोंद राहते. एफपुढे माझ्या डिस्कची नोंद होती, ती खोडून तिथे आता चारशे रुपयांचा पेन ड्राइव्ह लिहिलाय. तो नंतर आयुष्यात परत लागणार नाही, पण जागा त्याच्या नावावर. आणि हे खातं डिस्कवर नसतं, त्या त्या कॉम्प्युटरमध्ये असतं. म्हणून तीच डिस्क अल्बमवाल्याकडे नेली की तिथे ई, घरच्या लॅपटॉपवर डी. एकाच बाईला तीन घरांत तीन नावं.

सगळ्यात संताप कशाचा, तर विंडोजला डिस्क ओळखता येत नाही असं नाहीच. प्रत्येक व्हॉल्यूमसाठी, म्हणजे डिस्कच्या प्रत्येक भागासाठी, त्याच्याकडे एक लांबलचक नंबर असतो, आधार क्रमांकासारखा. शिवाय मी स्वतः डिस्कला नाव दिलंय, मार्कर पेनने वर लिहिलंयसुद्धा. पण फाइलचा पत्ता लिहायची वेळ आली की तो नंबर नको, ते नाव नको, एक अक्षर आणि पुढे दोन टिंबं! मॅकवाल्यांच्या पत्त्यात डिस्कचं नावच येतं. (आमचा एक मॅकवाला मित्र हे दर लग्नसराईत ऐकवतो. त्याला चहा पाजणं मी बंद केलंय.)

आणि ही अक्षरं आली कुठून? 1970च्या दशकात गॅरी किल्डॉलने सीपी/एम नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बनवली, तिच्यात फ्लॉपी ड्राइव्हला ए, बी म्हणायचे. विंडोजच्या आधीच्या डॉसने ते जसंच्या तसं उचललं. 1981 साली आयबीएमचा पीसी आला तो फ्लॉपीवर. एकच फ्लॉपी ड्राइव्ह असला तरी तोच ए आणि तोच बी. मधेच मशीन सांगायचं, आता बी ड्राइव्हची फ्लॉपी घाला. 1983 साली पीसी एक्सटीत दहा एमबीची हार्ड डिस्क आली, पुढचं अक्षर सी, म्हणून ती सी. तेव्हा एका टेबलावर दोन-तीन डबडी असायची, ए-बी-सी पुरत होतं. आज फ्लॉपी वापरलेली बरीच माणसं चाळिशी ओलांडून गेली. तरी आपोआप अक्षरं वाटताना ए आणि बी कोणाला द्यायची नाहीत! पितृपक्षात वाढून ठेवलेलं पान. भाचा विचारतो, मामा, तुमच्याकडे सीच्या आधी काय होतं? काय सांगू त्याला?

नव्वदच्या दशकात तर आणखी मजा. एका डिस्कचे भाग पाडले की त्यांना पार्टिशन म्हणतात, मुख्य ते प्रायमरी, पोटभाग ते लॉजिकल. तेव्हा अक्षरं वाटायचा नियम असा, की आधी प्रत्येक हार्ड डिस्कचं पहिलं प्रायमरी पार्टिशन, मग उरलेली लॉजिकल पार्टिशनं. म्हणजे हौसेने दुसरी डिस्क बसवली की ती मधे घुसून डी व्हायची, आपला जुना डी ई व्हायचा, सीडी ड्राइव्ह आणखी मागे सरकायचा, आणि सीडी आत असतानाही गेम सीडी मागत बसायचा. मी तेव्हा कॉलेजात होतो, दोन दिवस वाटलं मीच काहीतरी मोडलं.

आता कॅमेऱ्याची मेमरी कार्डं लावायचा कार्ड रीडर. चार खाचांचा. एकही कार्ड नसलं तरी चार अक्षरं अडवून बसतो, आणि विंडोज रिकामे ड्राइव्ह दाखवतच नाही. त्यामुळे यादीत ईनंतर थेट जे. मधली कुठे गेली? आहेत, पण दिसत नाहीत. रिझर्वेशनच्या डब्यात सगळ्या सीट रिकाम्या आणि टीसी म्हणतो फुल्ल, तशातली गत.

उपाय आहे, मला माहीत आहे, कृपया कोणी शिकवू नका. डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, डिस्कवर राइट क्लिक, अक्षर बदलायचं, आणि मुद्दाम मागचं द्यायचं, डब्ल्यू वगैरे. वाटप पुढून सुरू होतं, त्यामुळे तिकडे सहसा कोणी फिरकत नाही. आज केलं मी ते. आधी पेन ड्राइव्हला हाकललं, डिस्क परत एफ केली, प्रोजेक्टमधली नवरी परत आली. हायलाइट निघाल्यावर डिस्कला डब्ल्यू दिलं, वर चिकटपट्टीवर लिहिलं, आणि मागचे अकरा प्रोजेक्ट एकेक उघडून प्रत्येकाला नवा पत्ता दाखवायला पोऱ्याला बसवलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर हेच सगळं पहिल्यापासून. का? चार टीबीची डिस्क घेताना मी सव्वीस अक्षरांचा कारकून व्हायचं कबूल केलं होतं का?

जेवण नाही, चहा तीन वेळा गार. पावणेसातला फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन हॉलवर पोचलो. त्याच पेन ड्राइव्हवर, दुसरा हाताशी नव्हता. एलईडीवाल्याने तो त्याच्या लॅपटॉपला लावला, माउस धरला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “दादा, कुठल्या ड्राइव्हला आहे?”