शेवटचा भाग आवडला, असं चारचौघांत बोलू नका

हॅरी पॉटरची गोष्ट आता मालिका म्हणून पहिल्यापासून नव्याने येणार आहे. म्हणजे पुन्हा तीच सात पुस्तकं, पुन्हा शेवट, आणि पुन्हा आपल्या डोक्याला ताप. कारण शेवटचा भाग कसा पाहायचा असतो, याचं आजकालच्या चाहत्यांना काडीचंही ज्ञान नाही. पोरं थिएटरमधून हसत बाहेर येतात, "भारी होता" म्हणतात आणि घरी जाऊन झोपतात. झोपतात! १५ जुलै २०११ ला, म्हणजे आठवा आणि शेवटचा सिनेमा लागला त्या दिवशी, आम्ही नाशकात हे कर्तव्य यथासांग पार पाडलेलं असल्यामुळे चार गोष्टी सांगण्याचा अधिकार आम्हाला आहे, असं आम्हीच ठरवलंय.

तयारीपासून सुरुवात. कपाळावर हॅरीसारखी विजेची खूण हवीच. ती आईच्या काजळाच्या पेन्सिलीने काढा आणि भर पावसात कॉलेज रोडवर मित्राची वाट बघत उभे राहा. थिएटरपर्यंत ती ओघळून नाकावर येते आणि रांगेतले एक आजोबा कौतुकाने विचारतात, "रामकुंडावर जाऊन आलास का रे?" हो म्हणा. समजावत बसू नका.

जादूची कांडी मात्र विकतची आणू नका. ते मुंबईकरांनी करावं. हॅरीच्या मैत्रिणीची, हर्मायनीची, कांडी पुस्तकात द्राक्षवेलीच्या लाकडाची आहे आणि तो माल आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी झाली की बांधावर ढिगाने पडलेला असतो. पिंपळगावच्या मामाला फोन केला, तर तो "किती ट्रॉल्या पाठवू?" असंच विचारेल. त्यातली पेन्सिलीपेक्षा जरा जाड, त्यातल्या त्यात सरळ काडी निवडायची, साल सोलायची, काचपेपर मारायचा आणि खोबरेल चोळून दोन दिवस माळ्यावर ठेवायची. पेराच्या गाठी तासू नका, पकड तिथेच बसते. मामाला कशाला हवी ते सांगायचं नाही. "जळणाला" म्हणा. एक काडी जळणाला कशी पुरणार, हे तो विचारत नाही. शहरातल्या भाच्यांकडून त्याच्या फारशा अपेक्षा नसतात.

आता प्रत्यक्ष सिनेमा. तो बघायचा नसतो, पुस्तकाशी ताडून बघायचा असतो. पुस्तकात नाक नसलेला खलनायक व्होल्डेमॉर्ट भर दालनात, सगळ्यांदेखत, साध्या माणसासारखा धाडकन पडून मरतो. पडद्यावर तो एका कोपऱ्यात, कोणी बघत नसताना पापुद्रे सुटून उडून जातो. ना साक्षीदार, ना मुद्देमाल. पंचनामा करायचा तरी कशाचा? हॅरीचा दोस्त रॉन, त्याच्या भावाचं, फ्रेडचं, मरण तर दाखवलंच नाही, थेट प्रेत. आणि ती सर्वशक्तिमान एल्डर कांडी! पुस्तकात हॅरी आधी तिने आपली मोडकी जुनी कांडी दुरुस्त करतो आणि मग ती जिथली तिथे ठेवायचं ठरवतो. सिनेमात पोरगं तिचे दोन तुकडे करून दरीत भिरकावतं. जुन्या कांडीचं नावसुद्धा नाही. इथे तुम्ही "च्च" असा आवाज काढायचा, मागच्या तीन रांगांना ऐकू जाईल असा.

लांबीचाही मुद्दा सोडू नका. शेवटच्या पुस्तकाचे दोन सिनेमे केले म्हणून "पैशासाठी ताणलं" म्हणायचं, आणि हा दुसरा १३० मिनिटांत संपला, आठांत सगळ्यात छोटा, म्हणून "गुंडाळलं" म्हणायचं. दोन्ही एकाच चहावर म्हणता आलं पाहिजे. तसंच ऑस्करचं. आठ सिनेमे, १२ नामांकनं, बक्षीस एकही नाही. सिनेमा कसा बिघडवला हे सांगून झालं की लगेच हा आकडा काढायचा आणि ऑस्करवाल्यांनी केवढा अन्याय केला यावर हळहळायचं.

सगळ्यात मोठं हत्यार डोळ्यांचं. पुस्तकातल्या हॅरीचे डोळे आईसारखे हिरवे. सिनेमातल्याचे निळे. दहा वर्षं आपण दात-ओठ खाऊन ते सहन केलं. शेवटच्या भागात हॅरीचा मास्तर स्नेप, ज्याचं हॅरीच्या आईवर, लिलीवर, आयुष्यभर प्रेम होतं, मरता मरता म्हणतो, तुझे डोळे अगदी तुझ्या आईचे आहेत. आणि थोड्याच वेळात स्नेपच्या जुन्या आठवणीत छोटी लिली येते, तर तिचे डोळे तपकिरी! या क्षणी थिएटरात सगळे रडत असतात. तुम्ही रडू नका. तुम्ही शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणा, "डोळे बघ, डोळे."

कुणी उगाच त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांचा विषय काढेल. त्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही एकट्या अण्णा साळुंक्यांनीच केले होते, तरी पडद्यावर राम आला की लोक हात जोडायचे म्हणे. असल्यांना सांगा, ते प्रेक्षक होते, आपण चाहते आहोत.

घरच्यांना शक्यतो नेऊ नका. माझं चुकलं. इंग्रजी शो भरलेला, म्हणून हिंदीचं तिकीट काढलं (हे कुठे बोलायचं नसतं), आणि हिंदी आहे म्हटल्यावर काकू आली. आधीचे सात भाग न बघता. "ह्या नाक नसलेल्याला कसला एवढा राग आलाय?" इथून सुरुवात. स्नेपच्या गळ्यापाशी साप पोचला आणि नेमकं तेव्हाच आमच्या थिएटरवाल्याने मध्यंतर केलं. लगेच समोशांची जाहिरात. काकू जागची हलली नाही. पुढे स्नेपच्या आठवणी सुरू झाल्या, तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला. "म्हणजे ह्याने मग लग्नच नाही केलं का रे?" मी तपकिरी डोळ्यांबद्दल सांगू लागलो. ती म्हणाली, "गप बस."

शेवटचं एकोणीस वर्षांनंतरचं दृश्य आलं की मात्र मोकळेपणाने हसा. पोट सुटलेला रॉन, पोक्त चेहऱ्याची हर्मायनी, फलाटावर पोरांना निरोप. आम्ही तर शिट्ट्या मारल्या. हल्ली रोज सकाळी इंदिरानगरच्या कोपऱ्यावर मुलीला स्कूलबसमध्ये बसवताना मी पोट आत ओढून उभा असतो, पण तो विषय वेगळा.

परतताना रिक्षात तिघे दाटीवाटीने बसलो आणि माझी द्राक्षाची कांडी कटकन मोडली. मी खिडकीबाहेर, म्हणजे रिक्षाच्या फाटक्या पडद्याबाहेर, बघत राहिलो. रात्री जेवणं झाल्यावर काकूने दोन्ही तुकडे मागून घेतले, फेविकॉल लावला, वरून शिवणाचा काळा दोरा घट्ट गुंडाळला आणि रात्रभर पोळपाटाखाली दाबून ठेवली. सकाळी चहाबरोबर हातात दिली. "घे. झाली तुझी काडी दुरुस्त. त्या पोराने बघ कशी फेकून दिली, चांगली होती की."

काकूने पुस्तक वाचलेलं नाही. अशा वेळी खऱ्या चाहत्याने काय बोलायचं असतं, ते मला अजून सापडलेलं नाही. सापडलं की कळवतो.