चौथ्या सीटची व्युत्पत्ती

डोंबिवलीहून सकाळी सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये बसायला जागा मिळणे हे दैव आणि कोपर या दोहोंच्या संयुक्त प्रयत्नांचे फळ असते. (येथे कोपर म्हणजे पुढचे स्टेशन नव्हे, तिथे फास्ट गाडी थांबत नाही.) हे फळ पदरात पडल्यावर बॅग मांडीवर घेऊन मी डोळे मिटतो न मिटतो, तोच कानाशी तीन शब्द येतात : "काका, जरा ॲडजस्ट." हे शब्द कोणी विनंती म्हणून उच्चारत नाही, आणि हुकूम म्हणूनही नाही, पाऊस सुरू झाल्याचे सांगावे इतक्या सहजपणे ते सांगितले जातात आणि पाठोपाठ सांगणारा बसलेला असतो.

सेकंड क्लासचे ते बाक रेल्वेने तिघांसाठी केलेले आहे. चौथी सीट कोणत्याही नकाशात नाही, तरीही तिच्या अस्तित्वाबद्दल मुंबईत कोणाला शंका नाही. चौथा मनुष्य बाकावर एकाच बाजूने टेकतो, दुसरी बाजू भगवंताच्या भरवशावर सोडतो आणि एक पाय मधल्या वाटेत रोवून सर्व भार त्याच्यावर घेतो. खिडकीपाशी बसलेल्या गृहस्थांना याची फारशी झळ लागत नाही, मधला झोपलेला असतो, आणि आकुंचन पावायचे काम तिसऱ्याकडे येते. 22 वर्षांच्या प्रवासात मी बहुतेक वेळा तिसरा राहिलेलो आहे.

माझा पेशा हिशेबनिसाचा असल्यामुळे 'ॲडजस्ट' हा शब्द मला परका नाही. कॉमर्सला गेलेल्या प्रत्येकाला फायनल अकाउंट्सच्या गणितात ट्रायल बॅलन्सखाली दिलेल्या ॲडजस्टमेंट्स आठवत असतील : अखेरचा शिल्लक माल, देणे राहिलेले भाडे, यंत्रावरचा घसारा. आमचे सर बजावून सांगत की प्रत्येक ॲडजस्टमेंटचे दोन परिणाम होतात आणि एकच लिहिणाऱ्याचा ताळेबंद कधीही जुळत नाही. त्या वाक्याचा पूर्ण अर्थ मला पुढे लोकलमध्ये कळला. चौथा बसतो, हा एक परिणाम. दुसरा परिणाम मी असतो.

शेवटी एका रविवारी, ज्या शब्दाने आपल्याला इतकी वर्षे पिळले त्याचे कुळ आणि मूळ तरी पाहावे म्हणून मी कोश उघडले. इंग्रजीत या क्रियापदाला बहुधा कर्म लागते. मनुष्य गाडीचा आरसा ॲडजस्ट करतो, चष्मा करतो, घड्याळाचे काटे करतो. आपण मात्र ते कर्म केव्हाच गाडीतून उतरवून दिले आहे. "ॲडजस्ट करा" या आपल्या वाक्यात काय ॲडजस्ट करायचे हे सांगितलेले नसते, कारण जे करायचे ते ऐकणाराच असतो. आणखी एक गोष्ट लक्षात आली. हे क्रियापद सुखासुखी प्रथमपुरुषात चालत नाही. "थांबा, मी ॲडजस्ट करतो," असे आपण होऊन म्हणणारा इसम मला कल्याणपासून भायखळ्यापर्यंत भेटलेला नाही. प्रथमपुरुष येतो तो भांडणात, आणि तोही "आम्हीच किती ॲडजस्ट करायचं?" अशा प्रश्नार्थक रूपातच.

या शब्दाकडे पाहून कोणालाही वाटेल की त्यात 'जस्ट' आहे, म्हणजे न्याय आहे, तेव्हा सर्वांना न्याय्य वाटेल अशी मांडणी करणे हाच त्याचा अर्थ असणार. मलाही तसेच वाटत होते आणि त्या आधारावर चौथ्या प्रवाशाला दोन शब्द सुनावण्याचा माझा बेत होता. परंतु कोशाने माझा खटला पहिल्याच तारखेला निकालात काढला. न्यायवाचक 'युस्तुस' या लॅटिन शब्दाशी याचा संबंध लोकांनी मागाहून, कानाला सारखे वाटते म्हणून जोडला. खरे मूळ लॅटिनमधील 'युक्स्ता', म्हणजे 'जवळ, लगत'. त्याला 'अद्' हा उपसर्ग लागून उत्तरकालीन लॅटिनमध्ये जे क्रियापद झाले त्याचा अर्थ 'जवळ आणणे'. तेच जुन्या फ्रेंचमधून फिरत फिरत इंग्रजीत शिरले. आजच्या फ्रेंच भाषेत त्याचा एक वंशज 'अजुते' या रूपात नांदतो आणि त्याचा अर्थ होतो 'आणखी भर घालणे'. म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याची भर घालून सर्वांना एकमेकांच्या जवळ आणणे हाच शब्दाचा अस्सल अर्थ ठरतो, आणि तो लंडनमध्ये झिजला असला तरी मध्य रेल्वेवर जसाच्या तसा टिकून आहे. व्युत्पत्तीच्या न्यायालयात चौथा मनुष्य निर्दोष सुटला. वर त्याला मूळ अर्थाचा राखणदार म्हणून शाल-श्रीफळ द्यायची पाळी आली.

या घराण्यातील भाऊबंद पाहिल्यावर तर माझी उरलीसुरली हिंमत गेली. त्याच 'युक्स्ता'पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'जाउस्ट' आला, म्हणजे घोड्यावर बसून भाले रोखून एकमेकांवर चालून जाणाऱ्या सरदारांचे द्वंद्व. त्याचाही आधीचा अर्थ 'एकत्र येणे' एवढाच होता. एकत्र आले की पुढे काय होते हे सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलेल्यास सांगायला नको. त्या 'जाउस्ट'पासून 'जॉसल' निघाला, म्हणजे धक्काबुक्की करीत वाट काढणे. ठाणे स्टेशनातील सकाळचे सव्वानऊ ज्याने पाहिले आहेत त्याला या तीन शब्दांचे रक्ताचे नाते वेगळे शिकवावे लागणार नाही.

आणखी मागे गेलो तर वाट आपल्याच अंगणात आली. संस्कृतचे लॅटिन-ग्रीकशी सख्य आहे, हे भाषापंडित विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात जाहीरपणे मांडले होते. ते मला शाळेपासून ठाऊक होते, पण त्याचा त्रास आपल्याला होईल असे कधी वाटले नव्हते. 'युक्स्ता' ज्या मुळातून आला त्याच मुळातून संस्कृतचा 'युज्' धातू आला. म्हणून ॲडजस्ट आणि योग हे दूरचे चुलतभाऊ आहेत. बैलाच्या मानेवरचे आपले 'जू' हेही त्याच गोतावळ्यातले. श्वास रोखून, एक मांडी हवेत आणि मेरुदंड वाकडा ठेवून पाऊण तास स्थिर राहणे हा योग आहे, असे मी गमतीने म्हणत असे. ते शास्त्राधारे सिद्ध झाल्यावर त्यातली गंमत गेली.

मराठीत या शब्दाला प्रतिशब्द नाही म्हणावे तर तसेही नाही. सरकून घ्या, सांभाळून घ्या, चालवून घ्या, भागवून न्या, जमवून घ्या, जुळवून घ्या : सगळे घरचे आहेत आणि प्रत्येकाची कामे ठरलेली आहेत. जागेसाठी सरकून घेतात, चुकीसाठी सांभाळून घेतात, भाजीत मीठ कमी असल्यास चालवून घेतात. ही वाटणी सोडून आपण सगळा कारभार एकट्या ॲडजस्टवर टाकला, आणि तोही बिचारा चौथ्या सीटवरच्या पायासारखा सगळा भार घेऊन उभा आहे. आखूड शिवलेल्या बाहीसाठी शिंपी हाच शब्द वापरतो. सुटे पैसे नसलेला दुकानदार हातावर चॉकलेट ठेवताना हाच शब्द वापरतो. लग्न जुळवताना "आम्हाला बाकी काही नको, फक्त ॲडजस्ट करून घेणारी मुलगी हवी," असे सांगणारे तर तीन खोल्यांत आठ माणसे, एक न्हाणीघर आणि मुलाचा स्वभाव एवढे सगळे त्या एका शब्दात दडवतात. या बाबतीत मात्र मला विनोद सुचत नाही. तिथे चौथ्या सीटवर कोण बसणार हे आधीच ठरलेले असते.

सरकारी मराठीने या शब्दासाठी 'समायोजन' योजला आहे. पटसंख्या घटून शिक्षक अतिरिक्त ठरले की त्यांचे समायोजन होते, म्हणजे त्यांना दुसऱ्या शाळेत धाडतात. मी या शब्दाला पुष्कळ हसलो आहे. आता पाहतो तर 'समायोजन'ही त्याच 'युज्' धातूपासून झालेला आहे. भाषांतर करणाऱ्याने जाणून केले की अजाणता, ते त्याचे त्याला ठाऊक. पण नेम अडीच हजार वर्षांपलीकडच्या मुळावर बसला आहे. माझा मेहुणा नोकरीनिमित्त बंगळुरूला राहतो. तिथल्या बसमध्ये पहिल्याच दिवशी त्याला "स्वल्प ॲडजस्ट माडी" असे ऐकू आले. आम्ही मूळचे कोकणातले असल्यामुळे 'माडी' या शब्दाने त्याच्या मनात भलताच गोडवा निर्माण झाला. तिथे माडी म्हणजे नुसते 'करा', हे कळेपर्यंत त्याच्या शेजारी तिसरा येऊन बसलेला होता.

गेल्या जुलैत एका सकाळी पावसाने गाड्या रखडल्या आणि मला पोचायला उशीर झाला. डब्यात शिरलो तेव्हा माझी तिसरी जागा एका धिप्पाड गृहस्थांनी घेतलेली होती. एवढा अभ्यास झाल्यानंतर तो परका शब्द तोंडातून काढायचा नाही, असे मी मनाशी ठरवले होते. "जरा सरकून घेता का?" असे मी शुद्ध मराठीत विचारले.

"कुठे सरकू? भिंतीत?" गृहस्थ म्हणाले.

"नाही, थोडी जागा झाली तर बरं होईल."

मधल्या तरुणाने कानातले एक बोंडूक काढून "काय?" असे विचारले आणि उत्तराची वाट न पाहता परत घातले. दिवा स्टेशनपर्यंत मी तत्त्वाला धरून उभा राहिलो. मग गुडघ्याने आपला अभिप्राय कळवला आणि मी हळूच म्हणालो, "जरा ॲडजस्ट."

कोणीही डोळे उघडले नाहीत. परंतु तिन्ही देह, जणू एकाच दोरीने ओढल्यासारखे, खिडकीकडे सरकले आणि बाकाच्या टोकाला चार बोटे हिरवे प्लॅस्टिक उघडे पडले. मी टेकलो, पाय वाटेत रोवला. इतक्या वर्षांनी मूळ अर्थाच्या इतके जवळ आल्यावर मला राहवेना. घाटकोपर येत असताना मी शेजारच्या गृहस्थांना म्हणालो, "तुम्हाला ठाऊक आहे का, ॲडजस्ट आणि योग हे एकाच मुळातून आलेले शब्द आहेत."

"असतील," ते म्हणाले, "पण काका, तो पाय आधी आत घ्या. लोकांना उतरायचंय."