५.५ ची एअर रायफल घ्या, असं मी का म्हणालो नाही

दादा, नेमबाजी शिकायला ४.५ मिमीची एअर रायफल बरी, असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, ४.५ मिमी नळीची रायफल म्हणजे पैसे पाण्यात, ५.५ ची जोरदार स्प्रिंग गन (स्प्रिंगच्या जोरावर छर्रा सोडणारी बंदूक) घेतली की तुमची मुलगी नेमबाजीही शिकेल आणि पेरूच्या बागेतले पोपटही आवरतील.

एक आधी मान्य करतो. मॅच रायफलच्या, म्हणजे स्पर्धेच्या रायफलच्या, किमतीचा मी नुसता ओझरता उल्लेख केला, ते चुकलं. साध्या घराला ती झेपत नाही. म्हणून पहिलं वर्ष क्लबच्याच रायफलवर काढा.

बाकीचं पटत नाही. नेमबाजीला जोरदार बंदूक लागत नाही. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यावर जाणाऱ्या ०.५३ ग्रॅमच्या पेलेटचा (छर्ऱ्याचा) वेग सेकंदाला साधारण १७० मीटर, म्हणजे ताकद आठ ज्यूलसुद्धा नाही. अभिनव बिंद्राने २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात.

स्प्रिंग गनमध्ये पेलेट नळीबाहेर पडायच्या आतच जड पिस्टन पुढे झेपावतो आणि बंदूक मागेपुढे हिसके देते. माझी पुतणी अशाच बंदुकीवर शिकायला लागली. नळी मोडून स्प्रिंग दाबताना दहाव्या शॉटलाच तिचा हात थरथरायचा. पुढेपुढे तर ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायचे. मग तिला क्लबची पीसीपी (आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी रायफल) दिली, खांद्याला टेकणारा बट आखूड केला, गाल टेकायचा चीकपीस दोन बोटं वर घेतला. त्या दिवशी तिने पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून शॉट सोडला.

शिवाय २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिमीपेक्षा मोठ्या नळीला किंवा २० ज्यूलच्या वरच्या ताकदीला परवाना लागतो. तुमची ५.५ त्यातच येते.

आणि पोपट. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे, पण मला कायद्याआधी एक पोपट आठवतो. पंखाच्या सांध्यापाशी पिसं फुंकून बाजूला केली तर तुरीच्या दाण्याएवढं काळंनिळं भोक. डॉक्टरांनी छर्रा काढला. पोपट पायात शेंग धरून फोडायचा, उडू मात्र पुन्हा शकला नाही. तुमचं नुकसान खरं आहे, त्यासाठी बागेवर जाळी टाका, फळांना पिशव्या बांधा.

मुलीला क्लबवर न्याल तेव्हा रायफल खांद्याला लावून तिला डोळे मिटायला सांगा, दोन श्वास घेऊ द्या, मग उघडायला सांगा. नेम धरायच्या साइटमधून बघायला तिला मान ताणावी लागली तर ती रायफल तिच्या मापाची नाही, दुसरी मागा.